अदलाबदलीचा आठवडा

या वयात पुन्हा कॉलेजात जायचं खूळ डोक्यात कुठून शिरलं असं कुणी विचारलं, की ताई ठरलेलं उत्तर द्यायची, "धंदा वाढवायचाय." ते खोटं नव्हतं. पण खरं कारण मागच्या खोलीत बसून साचे घासत असायचं, आणि त्याच्या देखत ते बोलायची सोय नव्हती.

दुकान दोन खोल्यांचं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या श्रवणयंत्राला कानात बसणारा एक साचा लागतो, तो इथे बनायचा. प्रत्येकाचा कान निराळा, म्हणून साचाही प्रत्येकाचा निराळा. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, कानात आधी दोरा बांधलेला बोळा सरकवायचा, मग मऊ लगदा भरायचा, आणि तो घट्ट होईपर्यंत "जबडा हलवू नका हं आजी, जरा कळ काढा" असं म्हणत समोर उभं राहायचं. निघालेला ठसा मागच्या खोलीत जायचा. तिथे त्याचा साचा ओतायचा, छोट्या चाकावर घासायचा, गुळगुळीत करायचा. जरा सैल राहिला तर यंत्र शिट्टी मारतं, जरा घट्ट झाला तर कान सोलवटतो. मग गिऱ्हाईक परत येतं ते ओरडतच.

पुढची खोली ताईची, मागची धाकटीची. धाकटी म्हणजे ताईची पाठची बहीण. पाठची म्हणायची, पण दोघींत अंतर बरंच, आणि आई लवकर गेल्यामुळे ताईनेच तिला वाढवलेली. आता धाकटीच्याही केसांत चांदी दिसायला लागली होती, पण ताईच्या लेखी ती अजून रस्ता ओलांडताना हात धरायच्या वयातच होती.

कारण धाकटी बोलताना अडखळायची. अगदी लहानपणापासून. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच पाय रोवून उभा राहायचा. शाळेत पोरं हसली, त्या दिवशी ताई वर्गात घुसून दोघांचे कान पिळून आली होती, आणि तेव्हापासून तिने धाकटीचं बोलणंच आपल्या अंगावर घेतलं. धाकटीने शब्द सुरू करायचा, ताईने संपवायचा. इतकं चटकन, की ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नसे. बाकीचेही मदत करायला जायचे, पण ते भलताच शब्द पुरवायचे. ताईचा शब्द मात्र कधी चुकायचा नाही. याचा तिला कोण अभिमान! दुकानातला फोन वाजला की धाकटी मुद्दाम घासायचं चाक सुरू करायची, म्हणजे ऐकूच आला नाही असं म्हणता यावं. ताई हातातलं काम टाकून धावायची. असं वर्षानुवर्षं चाललेलं.

मग एका थंडीत ताई छातीच्या दुखण्याने आडवी झाली. साधंच निघालं, पण दुकान तेवढे दिवस बंद राहिलं. धाकटीला ठसा घेता येत होता, साचा तर ती डोळे मिटून बनवायची, तरी दुकान बंद! अंथरुणात पडल्या पडल्या ताई विचार करायला लागली. उद्या आपलं काही बरंवाईट झालं तर हिचं कसं व्हायचं? कोण बोलणार हिच्या वतीने? तेव्हा तिने ठरवलं, की दुकान असं उभं करायचं की आपण नसलो तरी धाकटीच्या पायाखाली जमीन राहील. चार माणसं ठेवायची, बोलणारी. त्यासाठी शिकायला हवं होतं. गावातल्या कॉलेजात स्वतःचा धंदा सुरू करणाऱ्यांसाठी संध्याकाळचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. पदवी तिच्याकडे होतीच, कपाटात धूळ खात. झालं, बाई दप्तर घेऊन निघाली.

वर्गात तिच्या निम्म्या वयाची मंडळी. तिला आधी वाटलं, ही पोरं आपल्याला आजीबाई म्हणून कोपऱ्यात बसवणार. पण झालं उलटंच, सगळ्यांनी तिचा डबा पळवायला सुरुवात केली आणि तीही सगळ्यांची ताई झाली. सगळ्यांत जास्त जमलं ते टेम्पोशी. टेम्पो म्हणजे एक उंचापुरा, सदा घाईत असलेला गडी. त्याचा घरसामान हलवायचा धंदा. एका टेम्पोवर सुरू केला म्हणून हे नाव. बोलायचा इतका भरभर, की एका वाक्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात.

शिकवायला मॅडम होत्या. त्यांनी एके काळी स्वतःचा कारखाना चालवला होता आणि आपल्या हाताने त्याला टाळंही लावलं होतं, त्यामुळे त्या गोड बोलायच्या भानगडीत पडत नसत. त्यांचा शेवटच्या सत्रातला एक रिवाज कॉलेजभर गाजलेला होता, अदलाबदलीचा आठवडा. जोड्या लावायच्या, आणि प्रत्येकाने आपला धंदा आठवडाभर जोडीदाराच्या हाती द्यायचा. स्वतः तिथे पाऊल टाकायचं नाही, फोन करायचा नाही, निरोप धाडायचा नाही. घरात कुणी त्याच धंद्यातलं असेल तर त्याच्याशी त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. नियम मोडला तर आठवडा बाद, आणि पुढच्या सत्रात पुन्हा केल्याशिवाय प्रमाणपत्र नाही.

"तुमच्याशिवाय जो चालत नाही तो तुमचा धंदा नव्हे," मॅडम म्हणाल्या. "ती तुम्ही स्वतःला लावलेली नोकरी आहे."

जोडी लागली ती ताई आणि टेम्पोची. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. हा गडी ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोलणार? आणि माझ्या धाकटीशी?

आदल्या दिवशी तिने टेम्पोला दुकानात बसवून पढवलं. ठसे आणि साचे धाकटी करेल, तू फक्त माणसं सांभाळ. फोन तूच घे, तिला देऊ नकोस. तिचा शब्द अडकला तर तू पूर्ण कर, पण नीट. "कळलं ना?" टेम्पो म्हणाला, "कळलं कळलं ताई, तुम्ही निर्धास्त राहा, माझी माणसं फक्त तुम्ही सांभाळा, मुकादम जरा कडक आहे पण मनाने चांगला आहे." मागच्या खोलीत चाक सुरू होतं. धाकटीने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

आठवडा सुरू झाला. ताईने टेम्पोच्या धंद्यात हात घातला तो अक्षरशः. पहिल्याच घरी कपबशा गुंडाळायला स्वतः बसली. माणसं बिचारी दोऱ्या घेऊन उभी, आणि ही प्रत्येक बशीला कागद लावतेय. दुसऱ्या घरी कपाट जिन्यावरून उतरवताना "डावीकडून, अरे डावीकडून!" असं इतकं ओरडली, की ज्याने कपाट पाठीवर घेतलं होतं तो मध्येच थांबून म्हणाला, "ताई, तुमचं डावं की माझं?" शेवटी मुकादमाने हात जोडले.

"रागावू नका," तो म्हणाला, "पण तुम्ही खाली गाडीजवळ सावलीत बसा. तुम्ही बघत असलात ना, की यांचे हात चालत नाहीत."

ताई गाडीजवळ जाऊन बसली. अपमान झाला खरा. पण वरून कपाट कसं लोण्यासारखं उतरलं! ना आरडाओरडा, ना ओरखडा. ते पाहून ती मनात आणखीच चरफडली. आता तिच्या हातांना काम उरलं नाही आणि डोक्याला नको तेवढं सुचायला लागलं. दुकानात काय चाललं असेल? धाकटी रोज संध्याकाळी घरी यायची, जेवायची, पुस्तक घेऊन बसायची. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ! विचारायची तर मनाई. टेम्पोही वर्गात नुसता हसायचा आणि ओठांवर बोट ठेवायचा.

आठवडा निम्मा सरला आणि ताईचा धीर सुटला. ती मुकादमाला म्हणाली, "जरा तुमचा फोन द्या हो, माझा बंद पडलाय." फोन ठणठणीत होता. तिला हवा होता तो अनोळखी नंबर. म्हातारीचा आवाज काढून गिऱ्हाईक म्हणून बोलायचं, टेम्पो कसा उत्तर देतो ते बघायचं आणि गुपचूप फोन ठेवायचा, बस. यात नियम मोडला असं कोण म्हणेल? स्वतःची समजूत घालण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं.

घंटी वाजली, पुन्हा वाजली. मग फोन उचलला गेला, मागे घासायच्या चाकाचा आवाज येत होता, तोही बंद झाला.

"न... नमस्कार," धाकटी म्हणाली.

ताईच्या हातातून फोन निसटायचाच बाकी राहिला. धाकटीने फोन उचलला! धाकटीने! कुठे मेला तो टेम्पो? तिने कशीबशी आवाजाला म्हातारपण आणलं. "अहो, माझ्या यंत्राचा साचा बिघडलाय वाटतं."

"बरं. क... काय त्रास होतो, आजी?" धाकटी सावकाश, एकेक शब्द मोकळा करत विचारत होती. "कान दुखतो, की य... यंत्र श... श..."

"शिट्टी मारतं," ताई म्हणाली.

तिला स्वतःला कळायच्या आत म्हणाली. आणि म्हातारीच्या नव्हे, आपल्याच आवाजात.

ताईने जीभ चावली, पण आता चावून काय उपयोग? भलताच शब्द पुरवणारे जगात ढीगभर असतील, पण इतक्या चटकन आणि इतका बरोबर पुरवणारी एकच, हे धाकटीपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार?

"ताई," धाकटी म्हणाली, "फ... फ... फोन ठेव."

आणि ताई ठेवेपर्यंत ती थांबली. आपणहून तिने ठेवला नाही.

संध्याकाळी ताईने दोघींची पानं वाढली आणि घास हातात धरून बसली. धाकटी मुकाट्याने जेवत होती.

"चिडलीस?" ताईने विचारलं.

"हो."

"अगं, मला काळजी वाटली म्हणून..."

"तुला वाटतं मी अ... अ..."

"अडखळतेस म्हणून मला लाज वाटते? देवाशपथ नाही गं! कधीच नाही वाटली!"

धाकटीने मान हलवली. डोळे भरून आले होते, पण ती थांबली नाही. "अ... अजून लहान आहे," तिने वाक्य आपलं आपण पुरं केलं. "तुला वाटतं मी अजून ल... लहान आहे."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ताईचा शब्द चुकला होता. तिला कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. तिच्या मनात आलं, आणखी किती वेळा चुकला असेल? धाकटीला म्हणायचं एक असेल, आपण पुरवलं दुसरंच असेल, आणि भांडण नको म्हणून ही मान डोलवून गप्प बसली असेल. आपण तिची जीभ झालो म्हणून छाती फुगवली, आणि तिच्याच तोंडावर हात ठेवून बसलो की काय? ताईने हातातला घास ताटात ठेवला.

"मॅडमना सांगणार आहेस?" तिने हळूच विचारलं.

"व... विचारलं तर," धाकटी म्हणाली आणि ताट उचलून उठली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी कॉलेजातल्या लांबट खोलीत टेबलामागे मॅडम, एक बँकेतले साहेब आणि एक जुनी विद्यार्थिनी अशी तिघं बसली होती. ताई इस्त्रीची साडी नेसून आली होती आणि रुमाल पिळत होती. प्रत्येक धंद्यातल्या एका कामगाराशीही परीक्षक बोलणार होते. म्हणजे धाकटीशी. अनोळखी माणसांसमोर, टेबलापुढे उभी करून. ताईला प्रमाणपत्राची चिंता होतीच, पण त्याहून मोठी चिंता ही होती.

आधी टेम्पो बोलला. "सांगतो ना, पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली," तो सुटलाच. "एक आजोबा आले, मी त्यांना सगळं समजावून सांगायला लागलो, तर त्यांनी काय करावं? हात वर नेला आणि कानातलं यंत्र बंद केलं! चक्क माझ्या तोंडावर बंद! म्हणाले, हा माणूस बोलतोय की घसरतोय?"

बँकेतल्या साहेबांनाही हसू आवरेना.

"मग धाकट्या ताई मागून आल्या. त्यांच्यासमोर बसल्या, त्यांच्याकडे बघत हळूहळू बोलल्या. आजोबांनी यंत्र परत सुरू केलं. मी म्हटलं, टेम्पो, तुझं इथे काही काम नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या पुढे, मी मागे केर काढायला. फोन घ्यायला मात्र त्या घाबरत होत्या. मी म्हटलं, मी घेतो. तर म्हणाल्या, नको, मला घेऊन बघायचाय."

ताईने धाकटीकडे पाहिलं. धाकटी मात्र समोर बघत होती.

"आता तुम्ही सांगा," मॅडम धाकटीकडे वळल्या. "नेहमीचाच प्रश्न आहे, सगळ्यांना विचारते. आठवड्याभरात तुमच्या मालकीणबाईंनी दुकानाशी संपर्क केला होता का?"

धाकटीने ओठ उघडले.

"त... त..."

शब्द अडला. टेबलामागची तिघं थोडी पुढे झुकली. बँकेतल्या साहेबांनी घाईघाईने नजर खाली वळवली, सगळे वळवतात तशी. धाकटीच्या मानेची शीर ताठ झाली. आणि ताईच्या तोंडात उत्तर तयार होतं. नुसतं म्हणायचं होतं, "नाही हो, कुठला संपर्क!" जन्मभर हेच तर केलं होतं. कुणाला संशय आला नसता. धाकटीचं वाक्य ताईने संपवलं, एवढंच झालं असतं. वर्षभराची मेहनत वाचली असती, आणि या पोरीचे हे हालही थांबले असते. हे हालच तिला बघवत नव्हते. ते कधीच बघवले नव्हते, सगळं तिथूनच तर सुरू झालं होतं.

ताईने रुमाल तोंडाशी नेला आणि दातांत धरला.

"त... ताईने फोन केला होता," धाकटी म्हणाली. "एकदा. मी तिला ठ... ठेवायला सांगितला. तिने ठेवला."

मॅडमनी ताईकडे पाहिलं. "खरं?"

"खरं," ताई म्हणाली. "आवाज बदलून केला होता. म्हातारीचा."

जुनी विद्यार्थिनी खुदकन हसली आणि तिने लगेच चेहरा सरळ केला. मॅडम हसल्या नाहीत, पण रागावलेल्याही दिसल्या नाहीत. "मीही केला होता," त्या म्हणाल्या. "माझ्या कारखान्यात, दिवसातून दहादा. माझ्या माणसांनी मला ठेवायला कधी सांगितला नाही. सांगायला हवं होतं." मग त्यांनी चष्मा सारखा केला. "पण नियम तो नियम. पुढच्या सत्रात आठवडा पुन्हा करावा लागेल. तोवर प्रमाणपत्र थांबेल."

"चालेल," ताई म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं, की हे इतक्या सहज तोंडातून निघालं.

मॅडम धाकटीला म्हणाल्या, "म्हणजे तुम्हालाही पुन्हा त्रास. एक आठवडा दुकान सांभाळाल ना?"

"न... नाही," धाकटी म्हणाली.

ताईने मनातल्या मनात हात टेकले. संपलं. दुखावली ती दुखावलीच. आता ही दुकानात पाऊल ठेवणार नाही.

"आठवड्यात क... काय होतं?" धाकटी पुढे बोलत होती. "आठवडा नको. म... म..."

ती अडली. ताईने सवयीने श्वास आत घेतला आणि तसाच धरून ठेवला. टेम्पोसुद्धा चूप बसला होता, आणि ते काही सोपं काम नव्हतं. या खेपेला साहेबांनीही नजर वळवली नाही. सगळे धाकटीकडे बघत होते आणि कुणालाही घाई नव्हती.

"महिना," धाकटी म्हणाली. "महिना द्या मला."

आधी हसली ती जुनी विद्यार्थिनी, मग साहेब, मग टेम्पोने तर टाळीच वाजवली. ताईला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं, आणि दोन्हीला पुरेल असा रुमाल तिच्याकडे राहिला नव्हता, कारण तो चावून चावून त्याचं वाटोळं झालं होतं. धाकटीने आपला पुढे केला.

जिना उतरताना ताईने विचारलं, "महिनाभर तू दुकान घेऊन बसणार. मग मी काय करू गं?"

"तू ना, झ... झ..."

ताई पायरीवर थांबली. वरून पोरांचा घोळका दडदडत उतरला, त्याला तिने भिंतीला टेकून वाट करून दिली. काय असेल? झाडं लाव? झाडू मार? शब्दांची रांग तिच्या जिभेवर येऊन उभी राहिली होती. तिने एकालाही बाहेर पडू दिलं नाही.

"झोप काढ," धाकटी म्हणाली. "आई गेल्यापासून तू न... नीट झोपली नाहीस."